गायकवाडी गीर

१८३२ साली बडोद्याच्या परिसरात एक सिंह मारला गेला. त्या मुलुखातल्या सिंहाची ही शेवटची नोंद. विसाव्या शतकाच्या आरंभी निसर्ग-अभ्यासकांनी जुनी शिकारवृत्ते, लष्करी अधिकाऱ्यांची टिपणे आणि प्रवासवर्णने चाळून हिंदुस्थानातल्या सिंहाची अशी शेवटची साले गोळा केली. आजच्या झारखंडातले पलामू, १८१४. बडोदे, १८३२. अहमदाबाद, १८३६. सिंधमधले कोट दिजी, १८४२. गावागणिक एक साल, आणि त्या सालानंतर सिंह नाही. वाघ दाट रानात दडतो. सिंह मात्र विरळ झाडोऱ्यात आणि माळावर कुटुंबकबिल्याने राहतो, माणसाच्या नजरेला सहज पडतो. बंदूक हाती आलेल्या शतकात हा स्वभावच त्याच्या मुळावर आला. एकोणिसावे शतक सरत आले, तेव्हा सिंधूच्या पूर्वेकडचे सिंहाचे सगळे राज्य काठेवाडच्या दक्षिणेतल्या एका कोरड्या, काटेरी जंगलात येऊन थांबले होते. ते जंगल म्हणजे गीर.

गीर कोणाचे, असे विचारले तर जुनागढच्या नबाबाचे नाव पुढे येते, आणि ते रास्तच आहे. जंगलाचा मोठा भाग त्याचा होता आणि सिंह वाचवण्याचे पहिले श्रेयही त्या दरबाराकडे जाते. पण नकाशा नीट पाहिला की गीरच्या पूर्वेकडे आणखी एका संस्थानाचा रंग दिसतो. धारी आणि खांभा ही ठाणी, शेत्रुंजी नदीच्या वरच्या अंगाची खोरी, आणि दक्षिणेला समुद्राकाठचे कोडिनार, हा सगळा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा होता. म्हणजे आशियातला शेवटचा सिंह ज्या जंगलात तगून राहिला, त्याच्या एका भागाचा महसूल मराठी राजवटीच्या तिजोरीत जमा होत होता. सिंहाच्या बचावाची कथा आपण एका नबाबाची आणि एका व्हाइसरॉयची म्हणून ऐकली आहे. ती खरी पाहता हद्दींची कथा आहे. सिंह हद्द ओळखत नाही, पण गेली दोनशे वर्षे त्याचे जगणे-मरणे माणसांनी आखलेल्या हद्दींनीच ठरवले आहे. बडोद्याच्या बाजूने पाहिले की हे जास्त स्पष्ट दिसते.

मुलूखगिरीतून आलेले जंगल

अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजा दरवर्षी काठेवाडात मुलूखगिरीला जात. तिथल्या लहानमोठ्या ठाकोरांकडून आणि दरबारांकडून खंडणी वसूल करायची, नाही दिली तर गावे लुटायची, आणि पावसाळ्यापूर्वी परतायचे, असा तो क्रम होता. १८०७-०८ मध्ये बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर याने प्रत्येक संस्थानाची खंडणी कायमची ठरवून दिली आणि ही धामधूम संपवली. त्याच सुमारास गायकवाडांचे काठेवाडातले सुभेदार विठ्ठलराव देवाजी यांनी अमरेलीत बस्तान बसवले. अमरेली, धारी, दामनगर, कोडिनार असे विखुरलेले महाल त्या काळात बडोद्याच्या पदरात स्थिरावले. १८२० मध्ये खंडणीवसुली इंग्रजांकडे गेली. काठेवाडवर गायकवाडांचा राजकीय दाब उरला नाही, पण अमरेली प्रांत त्यांच्याकडेच राहिला.

बडोद्याचे राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत, आणि त्यांच्या मध्ये इंग्रजी जिल्हे आणि दुसऱ्यांची संस्थाने. राजधानीपासून सगळ्यांत आडबाजूला होता तो अमरेली प्रांत, आणि त्यातही आडबाजूला धारीचा जंगल-मुलूख. सुभा अमरेलीला, वहिवाटदार धारीला, आणि त्याच्या कचेरीपासून थोड्या अंतरावर रान सुरू.

गीरचे रान सगळीकडे सारखे नाही. पश्चिमेकडे, जुनागढच्या बाजूला, पाऊस बरा आणि सागाची झाडी जास्त. पूर्वेकडे, धारीच्या बाजूला, पाऊस कमी होत जातो, साग मागे पडतो, आणि खैर, गोरड, धावडा, बोर यांची खुरटी झाडी आणि मोकळे गवताळ डोंगर सुरू होतात. सागासाठी जंगल राखणाऱ्या खात्याला पूर्व गीरमध्ये फारसे मोल दिसले नसेल. सिंहाला मात्र हाच झाडोरा मानवतो. उन्हाळ्यात इथली पाने झडून सगळे रान करडे होते, आणि त्याच रंगाचा सिंह त्यात वीस पावलांवर असला तरी दिसत नाही.

या रानात माणसेही होती. चारण, रबारी, भरवाड, आहीर अशा जातींचे मालधारी काट्यांच्या कुंपणाने वेढलेल्या ‘नेस’ नावाच्या वस्त्यांत राहत. जाफराबादी म्हशी आणि गीर गायी हे त्यांचे धन, तूप हा त्यांचा व्यापार. सिंह त्यांची जनावरे मारी, आणि ते हे नुकसान रानात राहण्याचा भाग म्हणून सोसत. पुढे संशोधकांनी १९७०च्या सुमारास गीरमध्ये अभ्यास केला, तेव्हा सिंहाच्या खाण्यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा पाळीव जनावरांचा निघाला. म्हणजे हरणे कमी झालेल्या काळात सिंहाला पिढ्यान्‌पिढ्या जगवले ते बरेचसे मालधाऱ्यांच्या गोठ्याने. सिंह राखल्याबद्दल ज्या दरबारांची नावे घेतली जातात, त्यांच्या आधी हे श्रेय नेसांना द्यायला हवे.

बंडखोरांचे रान

बडोदे दरबाराला गीरची ओळख झाली ती सिंहामुळे नव्हे. गीर म्हणजे बहारवटियांचे आश्रयस्थान ही ती ओळख होती. जमीन हिरावली गेलेला किंवा दरबाराने दुखावलेला माणूस राज्याविरुद्ध बंड पुकारून रानात शिरे, त्याला काठेवाडात बहारवटिया म्हणत. १८५८ ते १८६८ या दहा वर्षांत गायकवाडांच्या ओखामंडलातल्या वाघेरांनी मोठे बंड केले. द्वारका आणि बेट द्वारका घेतले, इंग्रजी तोफा आल्यावर बाहेर पडले, आणि जोधा माणेक व मुळू माणेक यांच्या टोळ्या बरडा आणि गीरच्या रानांत फिरू लागल्या. गायकवाडांचेच कोडिनार त्यांनी लुटले. जोधा माणेकाचा शेवट गीरमध्येच झाला. झवेरचंद मेघाणींनी या सगळ्यांच्या कथा पुढे गुजराती वाचकांसाठी गोळा केल्या.

या बंडांमुळे गीरच्या दाटीत शिरायला लोक बिचकत. जिथे बंडखोर सुरक्षित, तिथे जनावरही काही काळ सुरक्षित राहिले. मात्र शांतता आल्यावर शेती, लाकूड आणि शिकार हे तिन्ही रानात शिरणार हे उघड होते.

शिकारखान्याचे बडोदे

बडोद्याला वन्यजीवांविषयी वेगळी आस्था होती असे म्हणणे खोटे ठरेल. हे शिकारीचे शहर होते. खंडेराव महाराज १८५६ ते १८७० या काळात गादीवर होते. शिकार आणि जनावरांच्या झुंजी हे त्यांचे वेड होते. फ्रेंच प्रवासी लुई रूसले त्यांच्या दरबारी बराच काळ राहिला आणि शिकवलेल्या चित्त्यांनी काळवीट धरण्याचे प्रसंग त्याने सविस्तर लिहून ठेवले. १८७५च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज बडोद्याला आला तेव्हाही त्याला हत्तींची झुंज आणि चित्त्याची शिकार दाखवण्यात आली. त्याच वर्षी २७ मे रोजी मालेगावजवळच्या कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेऊन सयाजीराव या नावाने गादीवर बसवला गेला होता.

चित्त्याचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. तो बंदिवासात सहसा प्रजनन करत नाही. प्रत्येक शिकारखान्यासाठी नवा चित्ता रानातूनच धरावा लागे, आणि देशभरच्या दरबारांनी शतकानुशतके तो धरला. विसाव्या शतकात काही संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले, त्यात आपले कोल्हापूरही होते. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या महाराजांनी मारलेले तीन चित्ते हे भारतातले शेवटचे ठरले, आणि १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

चित्ता गेला आणि सिंह राहिला, यामागे निसर्गाचे कारण थोडे आणि राजकारणाचे जास्त आहे. चित्ता कोणाच्याच अभिमानाचा विषय नव्हता. सिंह होता. जुनागढचा नबाब गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांना सिंहाच्या शिकारीचे निमंत्रण देई, आणि ही देणगी हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाला देता येण्यासारखी नव्हती. दुर्मीळ वस्तू हातात असलेल्याने ती जपावी, हे त्यामागचे साधे गणित. १८७९च्या सुमारास जुनागढने सिंहाच्या शिकारीवर बंदी घातली, ती भूतदयेतून आणि मानापमानाच्या जाणिवेतून मिळून आली असावी.

छप्पनियाचा दुष्काळ आणि कर्झन

सयाजीरावांना १८८१च्या अखेरीस पूर्ण अधिकार मिळाले. त्यांनी जमिनीची पाहणी केली, खाती बांधली, मराठीत आणि गुजरातीत कारभार आखून दिला, सरकारी आज्ञा छापून प्रसिद्ध करणारी ‘आज्ञापत्रिका’ चालवली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा प्रसिद्ध प्रयोगही याच आडवळणी प्रांतात, अमरेली तालुक्यातल्या मोजक्या गावांत, १८९३ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला. पुढे धारीपर्यंत संस्थानाचा मीटरगेज लोहमार्गही गेला. ज्या प्रांताला बडोद्याहून पोचायला दिवस लागत, तो राज्यकारभाराच्या जाळ्यात आला. जंगलाच्या सीमेवर शेती, शाळा आणि रेल्वे येऊन उभी राहिली.

याच काळात १८९९चा पाऊस गेला. विक्रम संवत १९५६चा म्हणून गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. माणसांची ही अवस्था, तिथे गुराढोरांची काय कथा. काठेवाडात दुष्काळ पडला की चारही दिशांची जनावरे गवताच्या आशेने गीरकडे हाकली जातात. त्या वर्षी गवत राहिले नाही, चितळ-सांबर मेले, आणि भुकेले सिंह रानाबाहेर पडून गुरांवर आणि माणसांवर धावू लागले. जुनागढच्या आणि शेजारच्या गावांत माणसे मारली गेली. सिंहाविषयीची सहनशीलता अशा वेळी संपते.

१९००च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आला. त्याच्यासाठी सिंहाच्या शिकारीची तयारी होती. सिंह अगदी थोडे उरले आहेत हे लक्षात आल्यावर त्याने शिकारीला नकार दिला आणि नबाबाला सिंह राखण्याचा सल्ला दिला. तेव्हापासून ‘डझनभर सिंह उरले होते’ ही गोष्ट रूढ झाली. पाहुण्यांची शिकारीची हौस आवरावी म्हणून संख्या मुद्दाम कमी सांगितली जात असावी, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे. आकडा काहीही असो, व्हाइसरॉयच्या नकाराने सिंह मारणे ही मोठेपणाची गोष्ट राहिली नाही, हा त्याचा खरा परिणाम.

आता हद्दीचा प्रश्न उभा राहिला. जुनागढने आपल्या हद्दीत सिंह राखला तरी तो शिकारीमागे, मादीमागे किंवा पाण्याच्या शोधात रोज रात्री मैलोन्‌मैल चालतो. गीरच्या कडेला बडोदे होते, जेतपूर-बिलख्यासारखी छोटी काठी संस्थाने होती. एका दरबाराची बंदी दुसऱ्याच्या हद्दीत लागू नव्हती. रानाबाहेर आलेले सिंह शेजारी मुलुखांत मारले जातात, ही जुनागढची तक्रार इंग्रजांच्या काठेवाड एजन्सीच्या दफ्तरात वारंवार येत राहिली. एकट्या दरबाराने राखून सिंह राहत नाही. त्याच्या भोवतीच्या प्रत्येक शेजाऱ्याने हात आवरला तरच तो राहतो. जुनागढचे श्रेय मोठे आहेच, पण धारीच्या बाजूला जंगल टिकून राहिले नसते तर पश्चिमेकडचा सिंह एका अरुंद पट्ट्यात कोंडला गेला असता.

शिंद्यांचा प्रयोग

सिंहाला दुसरे घर द्यावे हा विचारही त्याच काळातला, आणि तो करणारी गादीही मराठीच. कर्झनच्या सूचनेवरून ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी आपल्या राज्यात सिंह पुन्हा वसवायचे ठरवले. गीरचे सिंह मिळाले नाहीत, म्हणून आफ्रिकेतून आणले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते सिंह ग्वाल्हेर राज्यातल्या शिवपूर भागात, कुनो नदीच्या खोऱ्यात, उंच भिंतींच्या आवारात ठेवले गेले. त्यांची पिले झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना रानात सोडले.

प्रयोग फसला. पिंजऱ्यात वाढलेल्या सिंहांना रानातली शिकार येत नव्हती. ते गुरांवर आणि मग माणसांवर गेले. काही पकडले गेले, बाकीचे मारले गेले. अपयश आले तरी त्या प्रयत्नातून एक गोष्ट शिल्लक राहिली. सिंहाचे सगळे नशीब एका रानाला बांधून ठेवू नये, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका मराठी संस्थानिकाला पटली होती आणि त्याने त्यावर पैसा खर्च केला होता. कुनो हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण कथा पुन्हा तिथेच जाणार आहे.

एका छताखाली गीर

सयाजीराव १९३९ मध्ये गेले. त्यांच्यामागून आलेल्या प्रतापसिंहरावांच्या काळात बडोदे संस्थानाच्या आश्रयाने सलीम अलींचे गुजरातेतले पक्षी-सर्वेक्षण सुरू झाले. शिकारखान्याच्या गावाने आता पक्षी मोजायला माणूस नेमला होता. विचार बदलत होता.

१९४७ने सगळेच उलथले. जुनागढचा नबाब महाबतखान पाकिस्तानात गेला आणि १९४८च्या फेब्रुवारीतल्या सार्वमताने ते संस्थान भारतात आले. ज्या दरबाराने सिंहाला कडक राखले, तो एका रात्रीत नाहीसा झाला. नव्या सौराष्ट्र राज्याने शिकारबंदी पुढे चालवली, हे त्या धामधुमीच्या काळात मोठेच काम होते. १९५०च्या उन्हाळ्यात राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य विंटर-ब्लाइथ आणि भावनगरचे धर्मकुमारसिंहजी यांनी पाणवठ्यांवर पायांचे ठसे मोजून सिंहांची गणती केली. उत्तर आले २१९ ते २२७.

पण धारीचे गीर सौराष्ट्रात नव्हते. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याचा अमरेली प्रांतही मुंबईकडे गेला. म्हणजे त्यानंतरची सात वर्षेही एकाच जंगलावर दोन सरकारे होती. पश्चिम गीरचा अधिकारी राजकोटला उत्तर देई, धारीचा मुंबईला. जुन्या दरबारी हद्दीचीच ही नवी आवृत्ती होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य झाले, सौराष्ट्र त्यात आले, आणि गीर पहिल्यांदाच एका सरकारच्या ताब्यात आले. त्या सरकारचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तोवर, साडेतीन वर्षे, गीरचा सिंह आणि चांदा-मेळघाटचा वाघ एकाच राज्याचे रहिवासी होते.

त्याच काळात, १९५७ मध्ये, गीरमधला एक सिंह आणि दोन सिंहिणी उत्तर प्रदेशात वाराणसीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात सोडण्यात आल्या. पहिल्या काही वर्षांत त्यांची संख्या वाढून ११ झाली. १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर ते सगळे दिसेनासे झाले. लहान रान, भोवती गावे, आणि लक्ष ठेवणारे कोणी नाही. दुसरे घर नुसते देऊन चालत नाही, ते राखावे लागते, हा तिथला धडा.

बडोद्याचा वारस आणि मालधारी

१९६५ मध्ये गीर अभयारण्य झाले. १९६८च्या गणतीत सिंह १७७वर आले होते. जंगल आटत होते, गुरे वाढत होती, विष घातलेली शिकार खाऊन सिंह मरत होते. १९६९ मध्ये जागतिक निसर्ग-संवर्धन संघाचे अधिवेशन दिल्लीत भरले आणि गीरचा सिंह जगाच्या चिंतेचा विषय झाला. त्याच वर्षी जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड. खंडेरावांच्या शिकारखान्यापासून वन्यजीव निधीच्या अध्यक्षपदापर्यंत एका घराण्याने शंभर वर्षांत घेतलेले हे वळण आहे. राज्य गेल्यावर अनेक घराण्यांकडे फक्त आठवणी उरल्या. या घराण्याने जुन्या शौकाची जागा जबाबदारीला दिली.

१९७५ मध्ये गीरच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुरुवातीला ते १४० चौरस किलोमीटर होते, १९७८ मध्ये वाढवून सुमारे २५८ केले. त्यापूर्वीच १९७२पासून मालधाऱ्यांना रानाबाहेर वसवायला सुरुवात झाली होती. जंगलात आठशेहून अधिक कुटुंबे होती, त्यांतली निम्म्याहून जास्त हलवली गेली. रानाला त्याचा फायदा झाला. गवत परतले, चितळ-सांबर वाढले, आणि सिंहाच्या खाण्यात वन्य प्राण्यांचा वाटा पुन्हा मोठा झाला. पण म्हशींच्या आधारावर जगणाऱ्या माणसांच्या हाती कोरडवाहू शेतीचा तुकडा देऊन त्यांना शेतकरी व्हायला सांगितले गेले, आणि अनेकांना ते जमले नाही. ज्यांच्या गुरांवर सिंह जगला, त्यांनी ही किंमतही मोजली. गीरच्या यशाची कथा सांगताना हे हिशेबात धरले नाही, तर तो हिशेब अपुरा राहील.

बडोद्याची बैठक

सिंह वाढले. १९९०च्या गणतीत ते २८४ होते. मग एक नवा प्रश्न पुढे आला. जगातला प्रत्येक मुक्त आशियाई सिंह एकाच रानात राहत होता. मूठभर पूर्वजांपासून वाढल्यामुळे त्यांच्यातले आनुवंशिक वैविध्य फार थोडे आहे. एखादी साथ, एखादे वादळ, एखादा मोठा दुष्काळ, आणि सगळे एका फटक्यात जाऊ शकते. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये या प्रश्नावर चर्चा करण्यासाठी वन्यजीव-शास्त्रज्ञ आणि वनाधिकारी एकत्र बसले. ती बैठक भरली बडोद्यात.

दुसऱ्या घरासाठी तिथे तीन जागा सुचवल्या गेल्या: राजस्थानातली दर्रा-जवाहरसागर आणि सीतामाता, आणि मध्य प्रदेशातले कुनो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने पाहणी केली आणि कुनो सर्वांत योग्य ठरवले. शिंद्यांनी जिथे सिंह सोडले होते तेच खोरे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कुनोतली २४ गावे, बहुतेक सहरिया आदिवासींची, सिंहासाठी हलवण्यात आली. त्या लोकांनी जमिनी आणि मोहाची झाडे सोडली. सिंह आला नाही. सिंह गुजरातची अस्मिता आहे, कुनो त्याच्यासाठी पुरेसे सुरक्षित नाही, अशी भूमिका गुजरात सरकारने घेतली. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंह सहा महिन्यांत कुनोला न्यावेत असा आदेश दिला. तोही अमलात आला नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी कुनोत नामिबियाचे चित्ते उतरले.

दरम्यान ज्याची भीती होती त्याची झलक गीरने पाहिली. २०१८च्या सप्टेंबरमध्ये पूर्व गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये, म्हणजे धारी तालुक्यात, काही आठवड्यांत २३ सिंह मेले. कुत्र्यांमध्ये असणाऱ्या डिस्टेंपर विषाणूची लागण त्यांना झाली होती. याच विषाणूने १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह मारले होते. गीरमध्ये वेळेवर धावपळ झाली, परदेशातून लस आणली गेली, आजारी सिंह वेगळे केले गेले, आणि साथ पसरली नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ उनाजवळ किनाऱ्यावर आदळले आणि पूर्व गीरमधली असंख्य झाडे आडवी झाली. त्या वेळीही सिंह वाचले. दोन्ही वेळा गुजरातच्या वनखात्याने उत्तम काम केले, याबद्दल शंका नाही. पण दोन्ही वेळा संकट गीरच्या पूर्वेकडेच आले, आणि सिंह दोनच ठिकाणी असते तर ही धावपळ जीवनमरणाची झाली नसती.

२०२५च्या गणतीत सिंह ८९१ झाले. निम्म्याहून अधिक सिंह आता राखीव जंगलाबाहेर, अमरेली आणि भावनगरच्या शेतांत, खाजणांत, आंबराईत राहतात. काही सिंह पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात आपल्या पायांनी पोचले. हा विस्तार आनंदाचा आहे, आणि सौराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सहनशीलता जगात दुर्मीळ आहे. पण बरडा गीरपासून दूर नाही. तीच हवा, तेच वादळ, तीच गुरे आणि तीच कुत्री. वेगळ्या घराचा अर्थ वेगळ्या संकटांपासून दूर असलेले घर असा आहे.

या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सिंह ज्या ज्या वेळी कोणा एकाची खासगी मिजास झाला, त्या वेळी तो एका माणसाच्या लहरीवर, एका गादीच्या आयुष्यावर अवलंबून राहिला. ज्या वेळी शेजाऱ्यांनी मिळून तो राखला, दोन दरबारांच्या हद्दी एका सरकारात आल्या, रानातल्या गुराख्याने नुकसान सोसले, त्या त्या वेळी तो वाढला. गुजरातचा अभिमान खरा आणि योग्य आहे. पण अभिमान म्हणजे मालकी नव्हे. बडोद्यातल्या १९९३च्या बैठकीने सांगितलेली गोष्ट अजून तितकीच खरी आहे आणि न्यायालयाचा आदेश अजून कागदावर आहे. त्या आदेशाप्रमाणे गीरचे काही सिंह सौराष्ट्राबाहेरच्या दुसऱ्या रानात नेणे, आणि त्या रानाची राखण चंद्रप्रभेसारखी सोडून न देता पिढ्यान्‌पिढ्या करणे, हे काम आता लांबवू नये. आशियाचा सिंह वाचवल्याचे श्रेय भारताला मिळाले आहे. दुसरे घर उभे राहीपर्यंत ते श्रेय अपुरेच राहील.